काकीची निवडणूक आणि माझी एक्सेल शीट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा तेवढ्या काढल्यात, बाकी जसंच्या तसं.)



मागच्या आठवड्यात एका ऐकणाऱ्या मित्राचा मेसेज आला. लिहितो, "दादा, पुढच्या वेळी भाऊ ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे. तू सॉफ्टवेअरवाला आहेस, मतदारयादीचं एखादं ॲप बनवून देशील का? कोण आपलं, कोण समोरचं, एका क्लिकवर दिसलं पाहिजे."

मी तो मेसेज तीनदा वाचला. कारण असं ॲप नाही, पण असली एक शीट मी बनवलेली आहे. २०२२ साली, स्वतःच्या काकीसाठी. त्या शीटचं काय झालं ते आज सांगतो. ही गोष्ट मी आजवर ऑफिसमध्येसुद्धा कुणाला सांगितलेली नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, दुष्काळी पट्ट्यात. नाव सांगत नाही, कारण गाव छोटं आहे आणि यातली सगळी माणसं अजून तिथंच राहतात. लोकसंख्या बावीसशेच्या आसपास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ग्रामपंचायतीत किती सदस्य असणार हे लोकसंख्येवर ठरतं. कमीत कमी ७, जास्तीत जास्त १७. आमच्याकडं ९. म्हणजे तीन प्रभाग, प्रत्येकात तीन जागा. त्याशिवाय सरपंच. सरपंच थेट लोकांनी निवडायचा हा नियम २०१७ ला आला, २०२० ला गेला आणि २०२२ ला परत आला. त्यामुळं त्या वर्षी आमच्या प्रभागातल्या प्रत्येक मतदाराला चार बटणं दाबायची होती. तीन सदस्यांसाठी आणि एक सरपंचासाठी.

आणि एक गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कमळ, हात, घड्याळ, काही नाही. निवडणूक आयोगाची मुक्त चिन्हं असतात, त्यातलं एक मिळतं. पक्ष असतातच, पण ते पॅनेलच्या आड. खरी लढत भावकी, आळी आणि जुनी भांडणं यांच्यात.

तर आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव निघाली. पॅनेलप्रमुख घरी आले. ओसरीवर बसले आणि काकांना म्हणाले, "वहिनींचं नाव देऊ का?" काकांनी मान हलवायच्या आत आतून आवाज आला, "उभी मी राहणार असेन तर मला विचारा की."

विचारलं. काकी हो म्हणाली. तिचं कारण एकच होतं, अंगणवाडीसमोरचं गटार. उघडं, तुंबलेलं. पावसाळ्यात ते पाणी अंगणवाडीच्या पायरीपर्यंत यायचं. काकी रोज नातीला उचलून पलीकडं न्यायची. तिला सरपंच, पंचायत समिती असलं काही नको होतं. ते गटार बांधून हवं होतं.

चिन्ह मिळालं कपबशी. बॅनर छापून आला, त्यावर काकांचा फोटो काकीपेक्षा मोठा. काकी बघून म्हणाली, "मत कुणाला द्यायचं म्हणतात हे?" सगळे हसले. बॅनर मात्र तोच लागला.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला, घरून काम चालू होतं. म्हटलं, तीन आठवडे गावी बसून करू. काकीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, तो मी भरला. मग मतदारयादी हातात आली. पीडीएफ, प्रभागात ५४० नावं. माझ्यातला इंजिनियर जागा झाला. दोन रात्री बसून सगळी यादी शीटमध्ये टाकली. घरानुसार गट पाडले. गावात कोण, मुंबईत कोण, लग्न होऊन गेलेली कोण, वारलेले कोण.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. उलट, उपयोगाचं होतं. आमच्या आळीतली ७ नावं शेजारच्या प्रभागात पडली होती, ते मला शीटमुळं दिसलं. पण प्रभागाची यादी आधी प्रारूप म्हणून लागते आणि हरकत घ्यायला मोजके दिवस असतात. ते दिवस कधीच संपले होते. सगळे उमेदवार शोधण्यात गुंतले होते, यादी कुणी उघडलीच नव्हती. आमची हक्काची ७ मतं तिथंच गेली. हा आकडा लक्षात ठेवा.

मग पॅनेलच्या बैठकीत मी शीट लॅपटॉपवर दाखवली. मंडळी खूश. आणि तिथं कुणीतरी म्हणालं, "यात अजून एक खाना कर. कोण कुठं झुकतंय ते."

केला. हिरवा म्हणजे आपला. लाल म्हणजे समोरचा. पिवळा म्हणजे काठावर. शेवटचा रकाना 'शेरा'. मी एकेक घराचं नाव वाचायचो, बैठकीतली माणसं सांगायची, मी टाइप करायचो. "मेहुणा समोरच्या पॅनेलमध्ये." "बांधाचं भांडण, आपल्याला देणार नाही." "पोराला नोकरीचं बोललं तर येतील." तासाभरात १४० घरं रंगली. खरं सांगू, मजा येत होती. कॉलेजमध्ये प्रोजेक्ट चालायला लागल्यावर जशी मजा येते तशी.

त्यात एक घर आलं नानांचं.

नाना आमच्या भावकीतले नाहीत. आळीच्या टोकाला घर. दूध घालायचे. मी नववीत असताना वडिलांचा अपघात झाला, चार महिने ते अंथरुणावर होते. शाळा गावापासून सात किलोमीटर. त्या चार महिन्यांत नानांनी मला रोज त्यांच्या एम-एटीवर शाळेत सोडलं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मधे मी, मांडीवर दप्तर. पेट्रोलचा एक रुपया घेतला नाही. किटलीचा थंडगार पत्रा पायाला लागायचा, ते अजून आठवतं.

बैठकीत नानांचं नाव वाचलं तर एक जण म्हणाला, "सहा मतं आहेत. काठावर. पाकिटाशिवाय हलायचे नाहीत."

आणि मी ते टाइप केलं. शब्दाला शब्द. रंग पिवळा. पुढच्या घरावर गेलो.

त्या क्षणी माझ्या डोक्यात एम-एटी आली नाही का? आली. पण यादी लांब होती आणि सगळे थांबले होते.

आता पुढचा भाग तांत्रिक आहे आणि लाज आणणारा आहे. शीट गूगलवर होती. कार्यकर्त्यांना मोबाईलवर बघता यावी म्हणून मी सेटिंग ठेवलं, 'लिंक असलेला कोणीही पाहू शकतो'. मी ऑफिसमध्ये काय काम करतो माहितीय? कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, त्याच्या परवानग्या लावतो. त्याचाच पगार घेतो.

मतदान रविवारी, १८ डिसेंबरला. शुक्रवारी रात्री कुणीतरी ती लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मुद्दाम की चुकून, आजपर्यंत कळलं नाही. मी शीट बंद केली तोवर वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटांत गावानं स्क्रीनशॉट काढले होते.

शनिवारी सकाळी मी नानांच्या घरी गेलो. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. परवानगी चुकीची लागली, कुणीतरी गैरवापर केला, वगैरे.

नाना अंगणात बसले होते. "बस की. उभा का?" मी बसलो.

"नातवानं दाखवलं मला," ते म्हणाले. "सहा मतं लिवलीस तू. ह्या घरात सहा माणसं हायत, ते खरं. पर मतं कुठं जात्यात ते मलाच ठावं न्हाई. सूनबाईला मी कधी इचारलं न्हाई. तुला कसं कळलं रं?"

मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "चुकलं ते लिवलं म्हणून, का भाईर आलं म्हणून?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं 'बाहेर आलं' याचीच होती. 'लिहिलं' याबद्दल माझ्याकडं एकही वाक्य नव्हतं.

पाकिटाबद्दल ते एवढंच बोलले, "तुझ्या बापाला इचार, मी कवा कुणाचं खाल्लंय का." मग आत गेले. चहा आला नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच उठलो.

घरी आलो तर काकी दारातच. तिलाही कळलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्या नावानं केलंस हे. मी नानांकडं मत मागायला गेलेच नव्हते. गेले ती गटाराचं विचारायला, त्यांच्याही नातवाची अंगणवाडी तीच. मत मागायची वेळच आली नव्हती अजून."

रविवारी मतदान झालं. मुंबईहून गाड्या आल्या. दोन्ही पॅनेलच्या. उमेदवारानं मतदारांची ने-आण करायची नसते, हे मला माहीत होतं. तरी आमच्या बाजूची गाडी कुठवर आली ते मीच फोनवर विचारत होतो. तेही सांगून टाकतो, म्हणजे सगळा दोष त्या लिंकवर जायला नको.

त्याच रात्री फुटबॉलच्या वर्ल्डकपची फायनल होती, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. चौकात पोरांनी पडदा लावला होता. दिवसभर एकमेकांकडं न बघणारी दोन्ही पॅनेलची पोरं एकाच सतरंजीवर बसून मेस्सीसाठी ओरडत होती. मी लांब उभा राहून बघत होतो. माझ्या शीटमध्ये त्यातली निम्मी लाल होती.

मंगळवारी २० तारखेला तहसीलला मोजणी. आमच्या जागेवर एकूण मतं ४६२. काकीला २२१. समोरच्या ताईंना २२६. नोटाला १५.

पाच मतांनी गेली. नानांच्या घरात सहा. चुकीच्या प्रभागात पडलेली ७. नोटा १५. कुठलाही आकडा उचला, हिशोब लागतो. गावातल्या लोकांनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला. आमच्या पॅनेलमध्ये काही जण सरळ म्हणाले, "नानांच्या घरानं पाडलं." म्हणजे ज्या माणसाला आम्ही विकाऊ लिहिलं, त्यालाच वर दोषही आम्हीच दिला.

मी पण पहिल्या रात्री हाच हिशोब करत होतो. त्या सहा मतांचं काय झालं? मग लक्षात आलं, हे मला कधीच कळणार नाही. आणि कळू नये म्हणूनच तर मत गुप्त असतं. शाळेच्या त्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन नानांची सून जे बटण दाबते, ते तिचं असतं. सासऱ्याचं नाही, नवऱ्याचं नाही, भावकीचं नाही. तो पुठ्ठ्याचा आडोसा म्हणजे गावातली एकुलती एक जागा आहे जिथं कुणी बघत नाही. आणि मी शीट बनवून नेमकं तिथंच डोकावत होतो. परवानगीचं सेटिंग बरोबर असतं, लिंक कधी फुटली नसती, तरी मी डोकावतच होतो. नानांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. उशिरा.

आता पुढचं ऐका, कारण गोष्ट इथं संपत नाही. निवडणूक हरलं की माणूस घरी बसतो. काकी बसली नाही.

२६ जानेवारीला ग्रामसभा होती. आपल्याकडं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस. ग्रामसभेत कोण बसतं? गावचा प्रत्येक मतदार. तिथं जायला निवडून यावं लागत नाही. मी हे नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं, पण वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत एकाही ग्रामसभेला गेलो नव्हतो.

काकीनं आदल्या आठवड्यात मला फोन केला. "तू ते कॉम्प्युटरवर नावं शोधतोस ना? आता गटार शोध."

शोधलं. ई-ग्रामस्वराज नावाचं पोर्टल आहे, ॲपही आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा दिसतो. कोणतं काम, किती पैसे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला यायचा. त्यातला ६० टक्के तेव्हा बंधित असायचा, म्हणजे निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवरच खर्चायचा. गटार स्वच्छतेत बसतं. आणि आमच्या आराखड्यात ते होतं! 'अंगणवाडीसमोर बंदिस्त गटार', रक्कम लिहिलेली. काम झालेलं नव्हतं. प्रचारात दोन्ही पॅनेल "आम्ही गटार आणू" म्हणत होती. ते कागदावर आधीच आलेलं होतं. गावातल्या १४० घरांचे शेरे मला माहीत होते, पण ही एक ओळ माहीत नव्हती.

ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. आमच्या गावाला १००. मी मोजली, माणसं ४१. सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे मतदानाला बाराशेच्या वर माणूस, मुंबईहून गाड्या भरून. आणि पैसे कुठं खर्चायचे हे ठरवायला ४१. पुढच्या सभेला तर ३४.

त्या ३४ जणांत काकी उभी राहिली. आराखड्याचं पान प्रिंट काढून नेलं होतं. भाषण नाही, काही नाही. ओळ वाचली आणि विचारलं, "हे कधी होणार, आणि आज इतिवृत्तात लिहिणार का?" नवे सरपंच समोरच्या पॅनेलचे. ते म्हणाले, बघू. काकी म्हणाली, "बघू असं लिहा मग." लोक हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "लिवा की. ठराव करा. माझं अनुमोदन हाय."

नाना होते.

ठराव लिहिला गेला. गटार पावसाळ्याच्या आधी झालं नाही, त्या वर्षीही पाणी पायरीपर्यंत आलं. दिवाळीच्या आधी झालं. वर फरशा टाकल्यात, दोन आत्ताच हलतात. पण पोरं चालत जातात.

आणि नाना आणि मी? बोलतात ते माझ्याशी. "कवा आलास?" विचारतात. पण पूर्वीसारखं "चल, बस" म्हणत नाहीत. ते मी मागून घेऊ शकत नाही. त्यांचं त्यांनी द्यायचं असतं.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी. कोण आपलं, कोण समोरचं हे दाखवणारं ॲप मी बनवणार नाही. पण भावाला खरंच मदत करायची असेल तर हे कर.

प्रारूप यादी लागली की त्याच दिवशी बघ. नाव आहे का, बरोबर प्रभागात आहे का, एवढंच. आपल्या बाजूचं असो नाहीतर समोरच्या, ज्याचं चुकलंय त्याला जाऊन सांग. हरकतीचे दिवस थोडे असतात.

खर्चाचा हिशोब रोज लिही. आमच्यासारख्या ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजारांची मर्यादा होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. नाही दिला तर पुढं अपात्र ठरवू शकतात.

भावाला आराखडा वाचायला लाव. जे काम कागदावर आधीच आहे, त्याचं आश्वासन देऊ नये आणि कुणी देत असेल तर ऐकू नये.

आणि माणसांच्या नावापुढं शेरा लिहू नको. बाहेर आला तर काय होईल म्हणून नाही. लिहायचाच नसतो म्हणून.

आमच्या ग्रामपंचायतीची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. काकीला विचारलं, परत उभी राहणार का? म्हणाली, "बघू. आधी त्या दोन फरशा बसवून घेते." येत्या १ मेच्या ग्रामसभेला मी गावी जाणार आहे. तुमच्या गावची ग्रामसभा किती वाजता आणि कुठं असते, हे आज घरी फोन करून विचारा. घरात कुणालाच माहीत नसेल, तर कळवा मला. मी तीन वर्षांपूर्वी तिथंच होतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.